ऑटोमॅटिक घड्याळ रोज नेमकं किती पुढे जातं, हे घरी कसं मोजायचं?

मनगट_माहीम:

सेको फाइव्ह आहे, आत ७एस२६ मशीन. आधी कधी सर्व्हिसिंग झालंय की नाही, माहीत नाही. रोज सकाळी मोबाइलशी जुळवतो आणि दुसऱ्या दिवशी फरक बघतो. कधी ८ सेकंद पुढे, कधी २५, आणि सोमवारी बघावं तर ३ सेकंद मागे. काम बैठं आहे. रात्री टेबलावर काच वर करून ठेवतो. शनिवार-रविवार अधूनमधूनच घालतो.

फोर्टमधल्या एका दुकानात टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवलं. दहा-पंधरा सेकंदांत "+२२ आहे, सर्व्हिसिंग करून टाका" असं सांगितलं. एवढ्यावर मशीन उघडू द्यावं का?

मला आधी घरी खात्रीने मोजायचंय. मोबाइलची वेळ प्रमाण धरावी का? या मशीनचा सेकंदकाटा क्राउन (वेळ लावायची बाजूची फिरकी) ओढला तरी थांबत नाही, मग सेकंदाला सेकंद जुळवायचा कसा? आणि या मशीनला किती फरक माफ असतो?

खटका:

माफ किती, ते आधी. ७एस२६ला साधारण दिवसाला −२० ते +४० सेकंद धरतात. त्याच घराण्यातल्या एनएच३५लाही हेच आकडे आहेत. ४आर३५ आणि ४आर३६ला सेको +४५/−३५ देते, ६आर१५ला +२५/−१५. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या घड्याळ-चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी सरासरी −४ ते +६ लागते, पण ती चाचणी केसबाहेरच्या मशीनची असते: १५ दिवस, ५ स्थिती, ३ तापमानं. तेव्हा दुकानातलं +२२ खरं असलं तरी तुमचं घड्याळ कंपनीच्या हद्दीतच आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यात २२ म्हणजे ०.०२५ टक्के. आता ते खरं आहे का, ते पाहू.

पहिली गोष्ट, रोज जुळवणं बंद करा. जुळवताना प्रत्येक वेळी सेकंद-दोन सेकंदांची चूक होते आणि ती सगळी दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात जाऊन बसते. एकदा लावा, मग आठवडाभर क्राउनला हात लावू नका. फक्त किती पुढे आहे, ते लिहीत जा.

सेकंदकाटा थांबत नाही त्याची काळजी सोडा, थांबवायची गरजच नाही. सुरुवातीला घड्याळ ४ सेकंद पुढे असेल तर वहीत "+४" लिहा, आपल्याला वाढ मोजायची आहे. मिनिटकाटा मात्र नीट बसवा. सेकंदकाटा १२वर येईल त्या क्षणी मिनिटकाटा बरोबर खुणेवर हवा. तसं नसेल तर चार दिवसांनी फरक २० सेकंदांचा की ८० सेकंदांचा, हे सांगता येणार नाही. बसवताना काटा हव्या त्या वेळेच्या चार-पाच मिनिटं मागे न्या आणि मग पुढे आणत खुणेवर थांबवा. पुढून मागे आणून थांबवलात तर दात्यांमधली सैल जागा तशीच राहते आणि मिनिटकाटा सुरुवातीला काही सेकंद जागचा हलत नाही. (रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख-वार बदलू नका, तेव्हा तारखेचा दाता अडकलेला असतो.)

आता प्रमाणवेळ. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. तिच्याशी जुळलेली वेळ कुठूनही घेतलीत तरी चालेल. मोबाइलवर 'वेळ आपोआप' चालू असलं तरी काही फोन सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे असतात. टाइम डॉट इजसारखं पान उघडलं की तुमच्या फोनचं घड्याळ किती चुकतंय, ते तेच सांगतं. फोनच्या कोपऱ्यातली वेळ बघू नका, त्या पानावरची बघा. टीव्हीवरची वेळ नको, कारण डिश आणि सेट-टॉप बॉक्समधून चित्र काही सेकंद उशिरा येतं. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे संकेत रेडिओ संचावर ऐकलेत तर ठीक, मोबाइल अ‍ॅपवर तेही उशिरा येतात. आणि स्टेशनवरचा इंडिकेटर गाडी पकडण्यासाठी असतो, या कामासाठी नाही.

वाचायचं कसं: घड्याळ आणि वेळेचं पान एकाच चौकटीत धरून दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा. नंतर थांबवून बघा. सेकंदकाटा १२वर आला त्या चौकटीत पानावर किती सेकंद आहेत? ५२ असतील तर घड्याळ ८ पुढे. ७एस२६चा काटा सेकंदाला ६ पावलं टाकतो, त्यामुळे व्हिडिओत पाव सेकंदापर्यंत सहज वाचता येतं. नुसत्या डोळ्यांनी अर्ध्या सेकंदाची चूक धरा. काटा नेहमी १२वरच वाचा. बऱ्याच डायलवर सेकंदाच्या खुणा आणि काट्याचा आस तंतोतंत एका केंद्रावर नसतात. १२वर बरोबर दिसणारा काटा ६वर अर्धा सेकंद हुकलेला दिसतो. डोळा काचेच्या बरोबर समोर ठेवा, तिरकं बघितलंत तर आणखी अर्धा सेकंद गेला.

हिशेब साधा आहे, पण लोक नेमके इथेच घसरतात. समजा सोमवारी रात्री ९:०० वाजता +४ होतं आणि मंगळवारी रात्री ८:२०ला +१७. फरक १३ सेकंदांचा, पण तो २३ तास २० मिनिटांतला. १३ गुणिले २४ भागिले २३.३३, म्हणजे दिवसाला +१३.४. एकदा सकाळी ९ला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १ला पाहिलंत तर मधले २८ तास तुम्ही २४ समजून बसता. तुमच्या ८ आणि २५मधला काही भाग हाच असणार.

एका वाचनात अर्ध्या सेकंदाची चूक धरली तर दोन वाचनांत मिळून जास्तीत जास्त एक सेकंद. तासाभराच्या अंतराने मोजलंत तर हा एक सेकंद दिवसाला २४ सेकंद होऊन समोर येतो. म्हणजे आकडा निरर्थक. आठ तासांत तो ३ सेकंद, चोवीस तासांत १, आणि सात दिवसांत जेमतेम ०.१५. म्हणून आठवडा.

तुमच्या प्रश्नातला खरा धागा सोमवार आहे. या मशीनला पूर्ण चावी असली तर ४० तासांच्या आसपास चालतं. क्राउन फिरवून याला चावी देता येत नाही, सगळं रोटरवर (हाताच्या हालचालीने आत फिरणाऱ्या वजनावर). शुक्रवारी रात्री काढून ठेवलं आणि शनिवार-रविवार जेमतेम हातात आलं, तर सोमवारी सकाळी मेनस्प्रिंग (चावी साठवणारी स्प्रिंग) तळाला गेलेली असते. बॅलन्सचा (आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका लहान होतो आणि चाल बदलते. मोजायच्या आठवड्यात रविवारीही घाला. बैठ्या कामाने पुरेशी चावी बसते का, ते असं तपासा: नेहमीसारखा दिवस घालवून रात्री १०ला काढा, टेबलावर ठेवा आणि कधी बंद पडतं ते बघा. ३५ तासांच्या पुढे गेलं तर चिंता नाही. २० तासांत थांबलं तर तुमचे हात पुरेसे हलत नाहीत किंवा रोटरच्या बाजूला काहीतरी घसरतंय.

बॅलन्सव्हील_परळ:

वरच्या प्रतिसादाला +१. मनगटावरची वही हीच शेवटची फूटपट्टी, यात वाद नाही. पण ती फक्त किती चुकतं ते सांगते, का चुकतं ते नाही. त्यासाठी टाइमग्राफर लागतोच, आणि दुकानातल्या पंधरा सेकंदांवर राग काढून त्याला निरुपयोगी ठरवू नका.

यंत्र घड्याळाचा आवाज ऐकतं आणि तीन आकडे देतं. पहिला चाल, सेकंद प्रतिदिन. दुसरा अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स मध्यापासून एका बाजूला किती अंश झुलतो. तिसरा बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यात किती मिलिसेकंदांची असमानता आहे. दुकानदाराने तुम्हाला फक्त पहिला सांगितला. सर्व्हिसिंगचा निर्णय दुसऱ्यावर होतो. +२२ चाल आणि २५० अंश अ‍ॅम्प्लिट्यूड असेल तर मशीन तंदुरुस्त आहे, रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करायचा आतला छोटा हात) केसभर हलवला की काम झालं. चाल +२ आणि अ‍ॅम्प्लिट्यूड १६० असेल तर घड्याळ वेळ छान दाखवतंय आणि तरीही आतलं तेल संपलंय. दुसऱ्या घड्याळाला सर्व्हिसिंग हवं, पहिल्याला नको.

दुकानात गेलात तर हे मागा:

चावी पूर्ण हवी. ७एस२६ आडवं धरून, डायल वर ठेवून, गोल-गोल हलवत राहा म्हणजे रोटर फिरतो. पाच-सात मिनिटं लागतात. दिवसभर घालून संध्याकाळी गेलात तर उत्तमच. एनएच३५ किंवा ४आर३६ असतं तर क्राउनचे ५५ फेरे दिले की झालं असतं.

लिफ्ट अँगल (अ‍ॅम्प्लिट्यूड काढायला यंत्रात भरावा लागणारा, मशीनगणिक वेगळा कोन) ५३ लावायला सांगा. वेईशी १०००सारखी यंत्रं ५२वर उघडतात. एका अंशाने अ‍ॅम्प्लिट्यूड सुमारे ५ अंश बदलतो, चाल मात्र तीच राहते. दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनचा कोन वेगळा: ईटीए २८२४ला ५०, मियोटा ८२१५ला ४९. ठोक्यांचा वेग तासाला २१,६०० दिसतोय ना, हेही बघा. यंत्राने भलताच पकडला तर पुढचे सगळे आकडे कचरा.

प्रत्येक स्थितीत घड्याळ बदलल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग निदान अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्या. पंधरा सेकंदांत बॅलन्स नव्या स्थितीला रुळलेलाही नसतो. डायल वर, डायल खाली, क्राउन वर, क्राउन खाली, क्राउन डावीकडे, एवढ्या पाच पुरतात. हात खाली सोडून चालताना क्राउन बहुतेक खाली असतो, टेबलावर टाइप करताना डायल वर. त्यामुळे तुमच्या बाबतीत डायल-वरचा आकडा जास्त वजनाचा.

उभ्या स्थितीत अ‍ॅम्प्लिट्यूड २० ते ४० अंशांनी पडतो. आडव्या स्थितीत बॅलन्सचा आस टोकावर टेकून फिरतो, उभ्यात तो कडेने घासतो, हे त्याचं कारण. स्विस २८,८०० मशीन पूर्ण चावीवर डायल वर २७० ते ३१० दाखवतं. ७एस२६ २२० ते २६०वर सुखाने चालतं. ते बघून "झोका कमी आहे" म्हणणाऱ्याने स्विस पट्टी जपानी मशीनला लावलेली असते. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून २००च्या खाली असेल तर मात्र सर्व्हिसिंग.

बीट एरर १ मिलिसेकंदाच्या आत असेल तर हात लावू नका. ३-४च्या पुढे गेला की थांबलेलं घड्याळ हलवल्यावर पटकन सुरू होत नाही आणि चावी उतरेल तशी चाल भरकटते.

पडद्यावरच्या रेषाही बघा. चढती रेष म्हणजे पुढे, उतरती म्हणजे मागे. दोन समांतर रेषांतलं अंतर हा बीट एरर. रेषा सरळ असण्याऐवजी ठिपके विखुरले असतील तर मळ, सुटलेला स्क्रू, किंवा नुसता दुकानातला गोंगाट. रेष ठरावीक अंतराने नागमोडी होत असेल तर एखाद्या चाकाच्या दात्यात गडबड आहे.

पाचही स्थितींतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यात २०-३० सेकंदांचं अंतर या मशीनमध्ये सहज दिसतं. ते रेग्युलेटरने कमी होत नाही. रेग्युलेटर सगळ्यांना एकत्र वर किंवा खाली नेतो, एवढंच.

ओव्हल_मैदान:

चुंबक तपासला का? इतक्या चर्चेत कोणी काढला नाही म्हणून. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले की स्प्रिंगची चालती लांबी कमी होते आणि घड्याळ पळत सुटतं, बहुतेक वेळा दिवसाला मिनिटांच्या हिशेबात. पण अर्धवट लागलेला चुंबक +२०-३०ही देतो, आणि तो लहरी असतो, आज एक, उद्या दुसरं.

संशयित: मोबाइलच्या पाकिटाचं चुंबकी झाकण, मागे चुंबक असलेला चार्जर, इअरबडची डबी, टॅबलेटचं कव्हर, लॅपटॉपचे स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण. लोकलच्या मोटरला लोक उगाच दोष देतात. चुंबकाचा जोर अंतराने झपाट्याने ओसरतो. रात्री टेबलावर घड्याळ आणि इअरबडची डबी शेजारी-शेजारी ठेवत असाल तर आधी ते थांबवा. एक वीत अंतर पुरतं.

तपासायला शाळेच्या कंपासपेटीतलं नाही, सुईचं छोटं होकायंत्र घ्या. घड्याळ जवळ आणून सावकाश गोल फिरवा. साधं लोखंड सुईच्या दोन्ही टोकांना ओढतं. सुईचं एखादं टोक दूर ढकललं गेलं तर चुंबक आहे. फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, त्याच्या शेजारीच स्पीकरचा चुंबक बसलेला असतो.

काढायला ऑनलाइन मिळणारा निळा डिमॅग्नेटायझर चालतो. बटण दाबून धरा, घड्याळ जवळ न्या, मग बटण दाबलेलंच ठेवून सावकाश हातभर लांब न्या, आणि तिथे पोचल्यावर बटण सोडा. जवळ असतानाच सोडलंत तर नव्याने चुंबक बसतो. यंत्र तापतं, त्यामुळे बटण फार वेळ दाबून ठेवू नका.

मनगट_माहीम:

सर्वांचे आभार. इअरबडची डबी खरंच शेजारी असते, आता हलवली. दोन उपप्रश्न. टाइमग्राफर विकत न घेता मोबाइलवरची ठोके ऐकणारी अ‍ॅप्स चालतात का? आणि रात्री घड्याळ वेगळ्या कुशीवर ठेवून दिवसाचा फरक भरून काढतात, असं वाचलंय. त्यात तथ्य आहे का?

खटका:

रात्रीच्या कुशीत तथ्य आहे. समजा मनगटावरच्या १५ तासांत घड्याळ ९ सेकंद कमावतं आणि काच वर ठेवून ९ तासांत आणखी ५. एकूण +१४. तेच क्राउन वर करून उभं ठेवलं आणि रात्रीत १ सेकंद गमावला, तर दिवस +८वर आला. स्क्रू न उघडता.

कुठली कूस मागे पडते, ते प्रत्येक घड्याळाचं वेगळं. एका रात्रीच्या आकड्यावर ठरवू नका. ९ तासांत वाचनाची चूक दिवसाला जवळपास ३ सेकंद होते, हे वर आलंच आहे. एका कुशीला सलग तीन-चार रात्री द्या, काढताना आणि घालताना दोन्ही वेळा वाचन घ्या, तीन-चार रात्रींची बेरीज करा आणि तिला एकूण तासांनी भागा. क्राउन खाली ठेवताना घड्याळाचं वजन क्राउनवर पडू देऊ नका, पट्ट्याच्या वळणावर टेकवा.

एक इशारा. तुमच्या घड्याळाचा कुशींमधला फरक २० सेकंद असेल तर ही युक्ती छान चालते. तो ५ सेकंदच असेल तर रात्रभर कुशी बदलून काही हाती लागणार नाही, मग रेग्युलेटरच.

मियोटा ८२१५वाल्यांसाठी जाता-जाता: त्याचा सेकंदकाटा चाकांच्या मुख्य साखळीत थेट नसतो, बाजूने चालवलेला असतो. झटका बसला की काटा क्षणभर अडखळतो आणि मग उडी मारून जागेवर येतो. तो दोष नाही, पण नेमका त्या क्षणी फोटो काढलात तर वाचन सेकंदाने चुकतं. दोन-तीन फेऱ्या बघून मगच लिहा.

बॅलन्सव्हील_परळ:

अ‍ॅपबद्दल. चाल बऱ्यापैकी कळते, अ‍ॅम्प्लिट्यूडवर भरवसा ठेवू नका. अ‍ॅम्प्लिट्यूड काढायला एकाच ठोक्यातले बारीक-बारीक आवाज वेगळे ओळखावे लागतात आणि फोनचा माइक तिथे कमी पडतो. त्यातून अनेक फोन पार्श्वभूमीचा आवाज दाबायला जातात आणि त्यांच्या दृष्टीने टिकटिक हीच पार्श्वभूमी.

वायरवाला इअरफोन घ्या. त्याचा माइक घड्याळाच्या पाठीला चिकटवा, घड्याळ घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा आणि एसी बंद करा, खिडकी लावा. रस्त्याकडेच्या इमारतीत रात्री १२नंतरच जमतं. एका स्थितीत निदान दोन मिनिटं ऐकू द्या.

फोनचं स्वतःचं स्फटिकही थोडं चुकतं. दिवसाला एक सेकंद म्हणजे दशलक्ष भागांत ११.६ भाग. फोनचं स्फटिक दशलक्षात १०-२० भागांनी सरकलेलं असू शकतं, म्हणजे अ‍ॅपच्या आकड्यात १-२ सेकंदांची कायमची चूक. तुमच्या +२२ला काही फरक पडत नाही. पण अ‍ॅपवर +१ आणि +२मध्ये भेद करत बसू नका. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ही चूक भरून काढायची सोय असते, ती आठवड्याच्या वहीशी पडताळून लावा.

तापमानाचं कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. आजच्या हेअरस्प्रिंगच्या मिश्रधातूत अंशाला दिवसाचा अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी फरक पडतो. एसी ऑफिसातून प्लॅटफॉर्मवर आलात तरी मनगटाला चिकटलेलं घड्याळ मनगटाचंच तापमान धरून असतं. जुन्या साध्या पोलादी स्प्रिंगमध्ये अंशाला दहा-अकरा सेकंद जायचे, ती भीती तिथली.

जुना_चोरबाजार:

अवांतर: सर्व्हिसिंगचा इतिहास माहीत नसलेलं सेको फाइव्ह मुंबईत घेतलं असेल तर आधी ते 'मुंबई स्पेशल' नाही ना, हे बघा. परदेशी संग्राहकांनीच हे नाव पाडलंय. डायल पुन्हा रंगवलेली, काटे भलत्याच मॉडेलचे, आत ७००९ किंवा ६३०९ ही सेकोची जुनी मशीन आणि दोन-तीन मशीनचे सुटे भाग एकत्र. मागच्या झाकणावरचा आकडा आणि मशीनवरचा आकडा जुळत नाही, ही पहिली खूण. डायलवरच्या बारीक अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, ही दुसरी.

अशा घड्याळात रेग्युलेटर बहुतेक एका टोकाला सरकवलेला सापडतो. हेअरस्प्रिंग कधीतरी चिमट्याने दाबली गेलेली असते आणि चाल ओढूनताणून शून्यावर आणलेली असते. विकणारा "टायमिंग एकदम बरोबर" म्हणतो ते डायल वर ठेवून खरंही असतं. उभं धरलं की मिनिटभराचा फरक. घेण्याआधी टाइमग्राफरवरचा व्हिडिओ मागा, डायल वर आणि क्राउन खाली, दोन्ही. चावीच्या एचएमटी जनताचं काटेकोर मोजमाप करायला बसलात तर ठोके तासाला १८,००० धरा, २१,६०० नाही.

मनगट_माहीम:

मागचं झाकण आणि मशीन दोन्हींवर ७एस२६च आहे, पाठ काचेची असल्यामुळे दिसतं. समजा आठवड्याची वही +१४ म्हणाली आणि अ‍ॅम्प्लिट्यूड ठीक निघाला. रेग्युलेटर स्वतः हलवावा का?

बॅलन्सव्हील_परळ:

हात स्थिर असेल आणि समोर टाइमग्राफर किंवा निदान अ‍ॅप असेल तर. नसेल तर घड्याळवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. "सर्व्हिसिंग नको, फक्त टायमिंग" असं आधीच स्पष्ट सांगा.

स्वतः करणार असाल तर झाकण स्क्रूचं आहे. रबरी बॉल दाबून फिरवून बघा. नाही निघालं तर जॅक्साची चावी (झाकण उघडायचा पाना) लागेल, तिचे दाते खाचांत घट्ट बसवूनच फिरवा. चावी घसरली तर काचेच्या पाठीवर कायमचा ओरखडा. रोटर बाजूला सरकवा. बॅलन्सच्या पुलावर दोन हात दिसतील. हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक ज्यात पक्कं अडकवलंय तो स्टडचा हात. तो हलला की बीट एरर बिघडतो, त्याला स्पर्श नको. स्प्रिंग ज्याच्या फटीतून नुसती जाते तो रेग्युलेटर. बाजूला + आणि − कोरलेलं असतं. लाकडी टूथपिकने ढकला, स्क्रूड्रायव्हरने नाही. घसरलेला स्क्रूड्रायव्हर थेट हेअरस्प्रिंगवर जातो आणि मग मशीनच बदलावं लागतं.

हालचाल डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. दिसली म्हणजे बहुधा मिनिटाने सरकलं. अर्धा मिनिट थांबा, आकडा बघा, पुन्हा.

लक्ष्य शून्य ठेवू नका. वहीत मनगटावर +१४ आणि टाइमग्राफरवर डायल वर +२० असेल, तर तुमच्या वापरात घड्याळ डायल-वरपेक्षा ६ मागे चालतं. डायल वर +८ वर आणा, मनगटावर +२च्या आसपास येईल. थोडं पुढे ठेवलेलंच बरं, ८:१४ची फास्ट दोन सेकंद आधी पोचलात म्हणून सुटत नाही. मग २४ तास तसंच चालू द्या आणि नवा आठवडा, नवी वही.

खटका:

पावसाळ्यात उघडणार असाल तर एक भर. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा दमट असते आणि झाकण लावताना ती आत बंद होते. नंतर एसीत गेलात की काचेच्या आतून धुकं. खोलीत एसी तासभर चालवा, घड्याळही तेवढा वेळ तिथेच ठेवा, मग उघडा. काम संपलं की लगेच बंद करा, रात्रभर झाकण उघडं नको.

गॅस्केट (झाकणाखालचं पाणी अडवणारं रबरी कडं) काढून बघा. चपटं झालं असेल किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर नवंच टाका. ठीक असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, खोबणीत वळण न पडू देता बसवा आणि मगच झाकण आवळा.

बंद केल्यावर घड्याळ कोमट करा, हाताला ऊब लागेल इतकंच. काचेवर गार पाण्याचा थेंब टाका, मिनिटभर ठेवा, पुसा. आतल्या बाजूला धुकं धरलं तर ओल आत आहे. पुन्हा उघडून कोरडं करावं लागेल. धुकं नाही म्हणजे आत ओल नाही, इतकंच कळतं. पाणी अडतं की नाही, हे दुकानातल्या प्रेशर टेस्टशिवाय कळत नाही. तोवर ते पावसात घालू नका.